मामांच्या ट्रकसाठी काळा की पांढरा?

२४ ऑक्टो., शुक्र.
भाऊबीज करून तळवड्याहून परत. यंदा मामाही संगं आलते. सासऱ्याला घेऊन माहेरी जाणारी सगळ्या धारूरात मीच असेन.

गण्यानं गेमचा कन्सोल घेतलाय, काळा. ओवाळून झाल्या झाल्या भाऊ टीव्हीसमोर. ट्रक चालवायचा गेम. मामा आधी लांबून बघत होते, मग राहवेना. "अय गण्या, उताराला गाडी न्यूट्रल करतोस व्हय बे? बिरेक जळतेल की!"

गण्यानं रिमोटच त्यांच्या हातात दिला. उजव्यात धरला. डावा मांडीवर, लकवा मारल्यापासून असतो तसा. ट्रक सरळ खड्ड्यात. आणि मामा हसले. मोठ्यानं! त्यांचा स्वतःचा ट्रक विकला तेव्हापासून हे हसू ऐकलं नव्हतं.

येताना धारूरच्या घाटात वळण आलं की त्यांचा उजवा पाय गाडीत खाली दाबला जायचा. घाट चढून वर आल्यावर म्हणाले, "वैशाली, तसला डबा आपल्या घरी बसंल का गं?"

बसंल! बसवणारच!

२६ ऑक्टो., रवि.
मोबाईलला चिकटलेय नुसती. दोन कंपन्यांची टक्कर हाय. एकीचा काळा डबा, दुसरीचा पांढरा. इथून पुढं का. आणि पां.

का. – गेम डिस्कवर. डिस्क कुणालाही द्या, कुणाचीही आणा. नेट नसलं तरी चालतंय.
पां. – डिस्क घालायला जागाच नाही. महिन्याची वर्गणी भरा, ढीगभर गेम खेळा. वर्गणी थांबली की सगळ्याला कुलूप. शिवाय मधूनमधून नेटवरून कंपनीला हजेरी द्यायची. आमच्याकडं रेंज गच्चीवर!

गण्याचा फोन. "ताई, काळाच घे. माझ्या सगळ्या डिस्क तुझ्याच समज."

ह्यांचा पुण्याहून फोन. "खेळायचं कुणाला, आमच्या आबांना का तुला?" दोघांना, म्हटलं. कॉलेजात मोबाईलच्या गेममध्ये मी अख्ख्या होस्टेलच्या पोरींना हरवलेलं विसरले वाटतं.

तर का. ठरला. सोपं होतं की!

२९ ऑक्टो., बुध.
नाही ठरला!!

पां.वाल्या कंपनीचा एक वेगळा रिमोट सापडला. ज्यांचा एक हात चालत नाही त्यांच्यासाठीच केलेला. चपटा, मांडीवर ठेवायचा, बटणं पुरीएवढी. त्याला आणखी बटणं जोडून पायाखालीसुद्धा ठेवता येतात. कुठलं बटण काय काम करणार ते आपणच ठरवायचं.

व्हिडिओ मामांना दाखवला. एक माणूस पायानं ब्रेक मारतोय, हातानं वळवतोय. परत लाव म्हणाले. परत लावला. परत.
"पायानं बी?"
"पायानं बी, मामा."
उजवा पाय जमिनीवर आपटून म्हणाले, "हा कुठं गेलाय मग!"

आत्या, म्हणजे सासूबाई, भाजी निवडत बसलेल्या. "आता काय घरात बी ट्रक लावतेत का काय," म्हणाल्या. पण व्हिडिओ त्यांनीही मान वाकडी करून बघितला.

का.वाल्या कंपनीचा तसला काही दिसेना. काय करू? एकाचे नियम चांगले, दुसऱ्याचा रिमोट.

२ नोव्हें., रवि.
गण्या आला. पाठीवरच्या बॅगेत त्याचा का.! म्हणे, "ताई, ह्याच्यात सोय हाय. दोन रिमोट मिळून एकच ड्रायव्हर करता येतो."

जोडलं. स्टेअरिंग मामांकडं, ब्रेक आणि रेस माझ्याकडं.
"ब्रेक! अगं ब्रेक!"
"मारला की!"
"आता सोड! चढ हाय म्होरं, रेस दे, दे, दे!"
डोंगराचा रस्ता, एका बाजूला दरी, मागं मालानं भरलेला ट्रक. घसा बसला ओरडून. वर पोचलो तेव्हा आत्यांनी टाळ्या वाजवल्या. चुलीवर दूध उतू गेलेलं, कुणाला पत्ता नाही. काय दिवस!

चहाच्या वेळी मामा म्हणाले, "लई मजा आली." मग थोड्या वेळानं, कपात बघत, "पर पोरी, गाडीला डायवर एकच असतो."

मला कळलं. गण्यालाही कळलं, पण त्याला लागलं. "मग घ्या पांढरा. माझ्या डिस्क त्याच्यात जाणार न्हाईत. आन् ह्या गेममधी काळ्या-पांढऱ्याची भेट बी होत न्हाई, कंपन्या होऊच देत न्हाईत. तुमी तुमच्या रस्त्यानं, मी माझ्या." बॅग भरून गेला. जेवला नाही.

वाईट वाटलं. दिवाळीत मला म्हणालता, तू धारूरात अन् मी तळवड्यात, पण रोज एका रस्त्यावर ट्रक चालवू. तेवढ्यासाठी तर काळाच घे म्हणत होता.

५ नोव्हें., बुध.
नेटचं जमतंय! वायरवाला आला, गच्चीवरून खाली ओढून देतो म्हणाला. ह्यांनी पुण्यात बसून पां.चे नियम वाचून काढले. गेम विकत घेतला तर हजेरीची कटकट नाही, ती वर्गणीच्या गेमला. ट्रकचा तेवढा विकत घ्यायचा.

बीडच्या दुकानदाराला फोन केला. पां. लावून ठेवलाय, तो एका हाताचा रिमोटही बघायला आहे. "रविवारी काकांना घेऊनच या," म्हणाला.

मामांनी दाढी आजच करून घेतली.

९ नोव्हें., रवि.
कसं लिहू.

दुकानात मामांना खुर्ची दिली. रिमोट मांडीवर, एक बटण उजव्या पायाखाली. बाकीची बटणं मी लावून दिली आणि मागं सरकले. पहिल्यांदा ट्रक दुभाजकावर. दुसऱ्यांदा पेट्रोल पंपात. तिसऱ्यांदा गाडी हळू निघाली, गावातून बाहेर पडली, पूल, वळण, घाट. उताराला वेग कमी. मागून येणाऱ्याला वाट दिली! कोण देतं गेममध्ये?

दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. एक पोरगा म्हणाला, "काका, पयल्यांदाच खेळता?"
"खेळतंय कोण," मामा म्हणाले. नजर पडद्यावरच.

माल उतरवायच्या जागी गाडी उलटी लावली, एका दमात. सगळं दुकान ओरडलं. मी तर नाचलेच.

"पांढराच ना मग, मामा?"
मामांनी पायाखालचं बटण बाजूला सारलं. मग म्हणाले, "गण्याचं काय?"

दुकानदार म्हणाला, काळ्यावाल्यांचाही असा रिमोट आहे म्हणतात, इकडं अजून यायचाय. कधी? सांगता येत नाही.

न घेताच आलो. पण दोघं रस्ताभर बडबडत. मामा तर जास्तच.

१० नोव्हें., सोम.
मामांनी स्वतःच गण्याला फोन लावायला सांगितला. मी स्पीकर चालू केला.

"गण्या, काळा इकून पांढरा घेतोस का बे?" सरळ हेच! रामराम नाही, काही नाही.

मी डोळे मिटले. आत्या दारात उभ्या.

मग गण्या हळूच म्हणाला, "मामा, ताई म्हणत होती... एकट्यानं चालवला?"
"एकट्यानं."
"घाट बी?"
"ये की बघायला. बीडात दुकान हाय."

रविवारी येतो म्हणाला. बॅगेत काळा घेऊन येतो म्हणाला. कशाला, ते नाही सांगितलं, फक्त दुकानदार जुना डबा घेतो का तेवढं विचारलं.