गवत न उगवणारी जागा

३ मे १९९४

प्रिय ग्रासिएला,

दगडी कुंपण, अठराशे फूट, चुन्याचा कण न घालता. शिकारी क्लबच्या बंदुकांसाठी अक्रोडाची चार कपाटं. शिकारी कुत्र्यांची बावीस घरं, घोड्यांच्या पाण्याच्या दोन टाक्या, आणि तुझा पाळणा. शाळेचं तोंड न बघता हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. आता काउंटीनं क्लबची जमीन घेतली, इथं उद्यान होतंय, तर काउंटीच्या कर्बीबाई दाराशी आल्या. फलकावर लावायला जागेचा इतिहास लिहून द्या म्हणाल्या. "तुमच्याइतकं माहीत कुणाला आहे, डॉन एउसेबियो?" कुणालाच नाही, मी म्हटलं. खरंच आहे ते.

नऊ पानं लिहिली. नकाशा टेप लावून काढला, पावलं मोजून नव्हे. त्यातलं पाचवं, जुन्या हौदाचं पान तेवढं त्यांना नको झालंय.

इथं गुरांची रँच होती तेव्हा टेक्सासभर गोचिडांचा कहर होता. कायदाच होता, प्रत्येक जनावर सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या विषारी पाण्याच्या हौदातून पोहवत न्यायचं. आपला हौद तीस फूट लांब, सात फूट खोल. पाणी घाण झालं की उपसून शेजारीच ओतायचं, वर्षानुवर्षं हेच. एकसष्ट साली शिकारी क्लबनं रँच घेतली आणि हौद बुजवायचं काम मला दिलं. मी एकोणीस वर्षांचा. आमचा मुकादम मेलितोन म्हणाला, "पोरा, वर सिमेंटचा जाड थर घाल." मी ऐटीत म्हटलं, "काका, खड्डा कसा बुजवायचा ते मला नका शिकवू." नुसती वाळू घातली, पाणसळ लावून आरशासारखी सपाट केली. लोक बघायला आले. पुढं पाऊस झाला आणि तिथल्या डबक्यातलं पाणी पिऊन क्लबची तीन कुत्री मेली. कुणा दुष्टानं विष घातलं, असं साहेब लोक म्हणाले. मेलितोननं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी गप्प बसलो.

तेहतीस वर्षांत तिथं गवताची काडी उगवलेली नाही. काउंटीच्या आराखडेवाल्याला नेमकी तीच जागा पसंत पडली. आयती सपाट, आयती मोकळी, तण म्हणून नाही. झोपाळे तिथंच बसवलेत. घसरगुंडीवरून पोर उतरतं ते हौदाच्या तोंडापासून सव्वा फुटावर.

माती तपासा, असं मी बाईंना तीनदा सांगितलं. "तपासू हो, आधी उद्घाटन तर होऊ दे. आणि वय झालं की माणसाला काय काय आठवतं!" मी बावन्न वर्षांचा आहे, ग्रासिएला.

शनिवारी उद्घाटनाला एल्वाला घेऊन येते, असं तू लिहिलंस. तुझी चार वर्षांची पोर, अजून माती तोंडात घालते. आणू नकोस. तुझ्या गल्लीतल्या बायांनाही सांग, आणि का ते माझ्या नावानिशी सांग: "हौद माझ्या बापानं बुजवला, कुत्री मेली तेव्हा तो तोंड मिटून बसला." पाचव्या पानाची एक प्रत मी वर्तमानपत्राला दिली आहे, एक चर्चच्या दारावर लावली आहे. हे घर आता जाईल. काउंटीच्या जमिनीवर आहे ते. काल कर्बीबाई पुन्हा आल्या होत्या. पाचवं पान काढून उरलेल्या आठांवर सही करायची, मग मरेपर्यंत घर माझं, आणि रखवालीचे वर्षाला चोवीस हजार डॉलर. मी नाही म्हटलं.

तुझा हट्टी बाप,
एउसेबियो