दुर्बीण स्वागतकक्षात जाणार नाही

मी खाली सही करणारी, निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अकलेने आणि बऱ्यापैकी संतापात लिहीत आहे. म्हातारीचे डोके फिरले असे चिरंजीव म्हणतील, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी चिरंजीवांना. शिवणयंत्र सूनबाईंना, कारण तिने ते सरळ तोंडाने मागितले.

२. गच्चीवरची मोठी दुर्बीण चिरंजीवांना मिळणार नाही. मी जिवंत असताना, मला न विचारता, त्यांनी ती आपल्या ऑफिसच्या स्वागतकक्षात ठेवायचे कबूल करून टाकले. "आई, येता-जाता लोक बघतील तरी!" म्हणे. दुर्बिणीकडे बघायचे नसते, दुर्बिणीतून बघायचे असते, हे पोटच्या पोराला सांगावे लागावे! तिचा आरसा यजमानांनी आणि मी जेवणाच्या टेबलावर साध्या काचेतून हाताने घासून घडवला. तो पुरा होईपर्यंत आम्ही जिन्यात बसून जेवत होतो. तिच्याशेजारी कोणी फुलदाणी ठेवलेली मला खपणार नाही.

३. आकाशदर्शन मंडळाच्या अध्यक्षांना माझा एक छापील नकाशा, चौकटीत बसवून. दीर्घिकांच्या, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांच्या, एका अंधूक गटाचा तो नकाशा आहे. गटात दीर्घिका पाच. सहावा ठिपका माझ्या चहाचा. अध्यक्षांनी हा नकाशा हातात धरून माझ्याच दुर्बिणीतून सहा मोजल्या आणि सहावीचे रसभरीत वर्णन मंडळाच्या अंकात छापले. "ती चहाची आहे," असे मी भर सभेत सांगितले, तर मत्सरी ठरवून मलाच मंडळातून काढले. आजतागायत कोणी साधी दिलगिरीही व्यक्त केलेली नाही.

४. दुर्बीण, शिडी आणि आरसा घासायचे सामान माझ्या धाकट्या नणंदेला. होय, तिलाच. आम्ही कित्येक वर्षे एकमेकींशी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे.

यजमान गेल्यावर मी तिला तोच गट दाखवला होता. इतक्या अंधूक दीर्घिकेकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते; नजर जराशी बाजूला ठेवावी लागते. पाचवी आधी यजमानांना दिसली होती, मग मला. नणंद पाय आखडेपर्यंत शिडीवर उभी राहिली आणि उतरून म्हणाली, "वहिनी, चारच आहेत. दादाला दिसली असेल, मला नाही दिसत."

मला ते फार लागले. सख्ख्या बहिणीने भावासाठी एवढेही म्हणू नये? तो राग मी कोणाच्याही नावे करत नाही, सोबत नेणार आहे. पण त्या शिडीवर चढलेला बाकी प्रत्येक जण "वा, दिसली!" म्हणाला. चिरंजीव तर डोळा लावण्याआधीच म्हणाले.

५. माझ्या डोळ्यांना आता त्या गटातली एकही दिसत नाही. पाचवी आम्हा दोघांना खरेच दिसली, की नकाशात होती म्हणून दिसली, हे मला आता तपासता येत नाही, आणि याचा मला भयंकर राग येतो. म्हणून अट अशी की नणंदेने निरभ्र आकाशात तो गट पुन्हा पाहावा आणि दिसेल तेच सांगावे. दादाच्या किंवा माझ्या मायेपोटी पाचवी दिसली असे ती म्हणाल्यास कलम चार रद्द समजावे.

वकील म्हणाले, "बाई, ती खोटं बोलली हे ठरवणार कोण?"

तीच ठरवेल. खोटे बोललीच, तर दुर्बीण स्वतः परत आणून देईल.

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर (सही) २. खालच्या मजल्यावरची शेजारीण (सही)
लिहून देणार: चिरंजीवांची आई (सही)
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: या महिन्याची अमावास्या, आकाश ढगाळ