कोणाचीही हरकत नाही

३ जून, दुपारी ४ वाजून १० मिनिटं.
या मिनिटाला माझा अपमान झाला. ‘बोलकं पान’च्या वेबसाइटचं नवं रूप मी सुचवलं होतं. टोपीवाल्याने ते फेटाळलं, तेही एका ओळीत: छान आहे, पण गरज नाही. टोपीवाला म्हणजे आमचा मुख्य मेंटेनर, प्रोग्रॅमची देखभाल करणारा. फोटोत टोपी दिसते, चेहरा नाही.
‘बोलकं पान’ हा फुकटचा प्रोग्रॅम. स्क्रीनवरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतो. जगभरातले हौशी लोक मिळून तो चालवतात. डोळे गेल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीचं सगळं त्याच्यावर. परदेशातल्या तिच्या लेकीची पत्रंही ती त्याच्याकडूनच ऐकते, कानात हेडफोन घालून. मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाली, “नको ताई, तू मधे शेरे मारतेस.”
मदतीची पानं मी तपासते, म्हणून वेबसाइट बदलायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडेही आहे. आणि काय ती वेबसाइट! पांढऱ्यावर काळं, एकही चित्र नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधली धुण्याची यादी याहून देखणी असायची.
रागवायचं नाही असं ठरवलं. टोपीवाल्याला फक्त चार मेल पाठवले.

५ जून.
नियम वाचले. कोणी वाचत नाही, म्हणून मीच वाचले. प्रपोजल मांडल्यावर तीन दिवस कोणी हरकत घेतली नाही, तर ते मान्य धरायचं. किती सुसंस्कृत पद्धत! सिस्टर म्हणायच्या तेच. गप्प बसलेला वर्ग हाच चांगला वर्ग.
प्रपोजल पुन्हा मांडलं.

६ जून.
मांजरीची हरकत. (ही दुसरी मेंटेनर, फोटोत मांजर.) म्हणे, तुमची फिकट करडी अक्षरं कमी दिसणाऱ्यांना दिसणार नाहीत. चित्रं प्रोग्रॅमला वाचता येत नाहीत. आणि ‘आवाज’ नावाचं पान काढायचं म्हणताय, ते माणसांसाठी नाहीच. प्रोग्रॅम रोज सकाळी तिथूनच आपला आवाज उचलतो. कृपया हात लावू नका.
जे पान माणसं बघतच नाहीत, ते गेलं तर कोणाला कळणार? साधा तर्क. तिच्या प्रत्येक वाक्याला मी पानभर उत्तर दिलं. कोणाला दुखवायचा हेतू नव्हता. ‘बालवाडी’ हा शब्द एकदाच वापरला.

१३ जून.
प्रपोजल पाचव्यांदा मांडलं. विरोध मावळतोय. मांजरीने आज एवढंच लिहिलं: मी थकले. चूक उमगली की माणूस थकतोच.

१९ जून.
वेबसाइटवरच्या चर्चेच्या खोलीत सगळ्यांना सुप्रभात म्हटलं. उत्तर नाही. नावं सगळी आहेत, पण प्रत्येक नावापुढचा हजेरीचा हिरवा ठिपका करडा झालाय. काल सहा हिरवे होते. माझं लिखाण मन लावून वाचत असावेत.
धाकटीने विचारलं, “ताई, तुझ्या त्या लोकांचं हल्ली भांडण ऐकू येत नाही गं?” म्हटलं, शिस्त लागली. ती म्हणाली, “मला भीती वाटते.” तिला लहानपणापासून कशाचीही भीती वाटते.

२३ जून.
प्रपोजल सहाव्यांदा मांडून तीन दिवस झाले. एकही हरकत नाही! माझ्या किल्लीने वेबसाइट बदलली. करडी अक्षरं, वर मोठा सूर्योदय. ‘आवाज’ पान काढून टाकलं.
धाकटीला ऐकायला बसवलं. प्रोग्रॅम म्हणाला, “चित्र. चित्र. चित्र. बटण. चित्र.” ती म्हणाली, “हे काय गं?” म्हटलं, हळूहळू सवय होईल.

२४ जून, सकाळ.
प्रोग्रॅम बोलत नाही. धाकटी हेडफोन घालून बसली आहे. लेकीचं पत्र आलंय, तिचे दिवस भरत आलेत. वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाली.
जुनं पान परत आणता येईल, पण तेही प्रपोजलच ठरतं. नियम म्हणजे नियम. शिवाय तसं केलं तर माझं चुकलं असा त्याचा अर्थ होईल, आणि तो चुकीचा अर्थ आहे.

२५ जून.
वरच्या मजल्यावरच्या नर्सने सांगितलं, तुमची माणसं तर केव्हाच गेली. सगळा कोड उचलून त्यांनी दुसऱ्या नावाने वेगळी चूल मांडली आहे. तिच्या रुग्णालयात तोच प्रोग्रॅम चालतो. म्हणाली, “मावशी, दोन मिनिटांत घालून देते.”
मी ठणकावून सांगितलं, फुटीर लोकांचं सॉफ्टवेअर माझ्या घरात येणार नाही. धाकटी ऐकत होती.

२८ जून.
धाकटी तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. म्हणजे तिची हरकत नाही.
दुपारी तिची बॅग दाराशी होती. भिंत चाचपत स्वतःच आणली असावी. कुठे निघालीस विचारलं. नर्सने तिचा हात धरला. जिन्यावर दोघींची पावलं वाजत वर गेली.

२८ जून, संध्याकाळी ६.
वरून यंत्राचा आवाज येतोय. सावकाश काहीतरी वाचतोय. शब्द कळत नाहीत. मधेच धाकटी हसली. की रडली. छत जाड आहे.
मी तक्रार नोंदवली: प्रोग्रॅम मुका झाला, कुटुंबाची गैरसोय झाली, जबाबदार कोण? लगेच पोच आली. तक्रार उपलब्ध मेंटेनरकडे सोपवली आहे. खाली मेंटेनरांची यादी. यादीत एकच नाव, माझं.
ही टाळाटाळ मी खपवून घेणार नाही. संबंधित व्यक्तीने ३० जून, सायंकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर द्यावं.