पहिला बीट, शेवटपर्यंत

आई, उद्या सकाळी मला माझा पहिला बीट माझ्याच विद्यार्थ्यांसमोर वाजवायचा आहे, आणि तो वाईट आहे. तू त्याला 'तुझी ती ठोकाठोक' म्हणायचीस. तीच आता मी दर रविवारी शिकवते. नोएडाला एका सोसायटीच्या तळघरातली खोली आहे, हिप-हॉपचे बीट बनवायची पहिलीच बॅच आहे, आणि ती मोडायला आली आहे. सगळ्यांचं अर्धवट पडलंय. वाजवून दाखवा म्हटलं की "मॅम, अभी रेडी नहीं है," आणि पुढच्या रविवारी खुर्ची रिकामी. लष्कराच्या छावणीतून एक बाई येते, साताऱ्याकडची, नवरा हवालदार. कान असा, की मला हेवा वाटावा. गेल्या वेळी म्हणाली, "मॅडम, मी सगळं पुसून टाकलं. बिल्कुल बेकार झालं होतं. आता नाही येत मी." या वर्गासाठी मी गुडगावची नोकरी सोडली, ती अशा बाईला घरी पाठवायला नव्हे. तिला मी जाऊ देणार नाही.

रागावले की मला गाझियाबादची आपली पुढची खोली आठवते. भिंतीला लागून सहा टाइपरायटर, मागच्या खोलीत आपला संसार, आणि कुकरची शिट्टी झाली की तुझा सगळा टायपिंगचा वर्ग हसणार. तू त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी बसलेली. लाकडी पट्टी टेबलावर एका लयीत आपटतेस, एका ठोक्याला एक अक्षर. न वळता सांगतेस, "चार नंबर, अटको मत." चार नंबर हबकतो. करंगळीचं अक्षर फिकं उमटतं म्हणून मुली रडकुंडीला यायच्या, तर तू म्हणायचीस, फिकं चालेल, उशिरा आलेलं चालणार नाही. आणि चूक झाली तरी खोडायचं नाही, ओळ पूर्ण करायची. कागद मध्येच ओढून काढणाऱ्याला तू घरी पाठवायचीस, मग तो कोणाचा का मुलगा असेना.

मग ऑफिसांतून टाइपरायटर हद्दपार झाले. हिंडन नदीच्या पलीकडे शेतांत टॉवर उभे राहू लागले आणि तिकडून येणारी मुलं दारातूनच विचारायची, "आंटी, कम्प्यूटर सिखाते हो?" तू "हाँ, बिल्कुल" म्हणालीस, तेव्हा तू कॉम्प्युटरला हातही लावलेला नव्हतास. पन्नाशीला टेकलेली तू बस बदलत दिल्लीला जाऊन तुझ्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोराकडून शिकून आलीस. आल्यावर पहिलं काम काय केलंस, तर चमच्याच्या दांड्याने कीबोर्डवरचं बॅकस्पेसचं बटण उचकटून काढलंस. म्हणालीस, "हे असलं तर कोणी पुढे जायचं नाही." मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. आज मी तेच करायला निघाले आहे.

कारण माझा पहिला बीट त्याच कॉम्प्युटरवर झाला. केबलवर रॅप ऐकून मला वेड लागलं होतं, दिल्लीच्या नेहरू प्लेसहून बीट बनवायच्या सॉफ्टवेअरची एक सीडी आणली होती, आणि पडद्यावरच्या चौकोनांत मी दिसेल तो आवाज कोंबत होते. तू डाळ निवडत बसली होतीस, अर्थात पाठ करून. "सगळी बोटं एकदम का आपटतेस? एखादं उचलून धर की." मी चिडून एकेक आवाज वगळत गेले. जड ठोका राहिला, त्याला उत्तर देणारी टाळी राहिली, आणि बारीक टकटक हवी होती ती काही केल्या सापडेना. मग तूच कुरकुरत उठलीस, उरलेल्या एका टाइपरायटरवर करंगळीने एकच अक्षर मारत राहिलीस, आणि मी स्वस्तातला माइक तुझ्या हाताशी धरला. इतकी नेमकी टकटक मला पुन्हा कुठे मिळाली नाही. थोडं जमल्यावर मी म्हटलं, पुढे सुचत नाही. "मग वाईट कर. पण ओळ पूर्ण कर."

उद्या मी त्यांना हेच सांगणार आहे. आधी जड ठोका, मग टाळी, मग टकटक, आणि तिथे हात आवरा. चौथा आवाज असेल तर तो बंद करून बघा. चुकल्यासारखं वाटलं तरच परत घ्या. मान आपोआप हलली नाही तर आवाज वाढवू नका, दोन ठोक्यांमधली जागा वाढवा. आणि काही पुसायचं नाही, बीट शेवटपर्यंत न्यायचा. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आधी माझा वाजवणार. त्या बाईला फोन केला, म्हटलं, काही करू नका, फक्त माझा वाईट बीट ऐकायला या. मग म्हणाली, "अच्छा, बघते."

एक गोष्ट तिला सांगितली नाही. माइक चालूच राहिला होता. बीट संपल्यावर एवढीशी शांतता आहे, आणि मग तू म्हणतेस, "पाठ ताठ ठेव गं." तेव्हा मला ते कापता येत नव्हतं. तू गेल्यापासून मी दर वेळी त्याच्या आधीच बंद करते. उद्या बंद करून चालणार नाही. म्हणून आज दुपारी दार लावून एकदा पूर्ण ऐकायचं ठरवलं होतं. त्याऐवजी हे लिहीत बसले.