हात धुतल्यानंतरचा प्रश्न

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, धंदा पाव भाजण्याचा, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. अक्षर हलते ते वयामुळे. मत्सराने हात थरथरायचे तेव्हा मी पीठ मळत असे.

पहिले. भट्टी, परात आणि दुकान माझ्याकडे एकोणीस वर्षे पीठ मळणाऱ्या बाईला द्यावे. अट एकच. दर शुक्रवारी दिवस मावळण्याआधी वेणीसारखे गुंफलेले दोन पाव धाकट्या बहिणीच्या घरी मागच्या दाराने पोहोचावेत, आजवर पोहोचत आले तसेच. बहिणीला साधे पीठ भिजवता येत नाही, हे सांगायला आता मला कोणाची भीती?

दुसरे. दुधाची भांडी आणि मांसाची भांडी, दोन्ही संच भाचीला. मांसाच्या भांड्यांना लाल दोरा बांधला आहे. तिच्या आईच्या, म्हणजे धाकटीच्या, हाती देऊ नयेत. दूध-मांस एकत्र चालत नाही हे ठाऊक असून तिने एकदा दुधाचा डाव मटणाच्या रश्श्यात घालून खुशाल ढवळला होता. मी पाहिले आहे.

तिसरे, राहते घर. इथे सविस्तर लिहिणे भाग आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार रात्रीच्या, जेवणाला तो मला बघायला आला, छापखान्यात खिळे जुळवणारा. आम्हा ज्यूंमध्ये जेवणाआधी हात धुतले की पावावरचा आशीर्वाद म्हणेपर्यंत आणि मिठात बुडवलेला पहिला घास खाईपर्यंत बोलायचे नाही. माझे हात धुऊन झाले होते. तेवढ्यात त्याने मी भाजलेल्या पावावरचे फडके किंचित उचलून विचारले, "अरे वा! हा कोणी केला?" मी तोंड मिटून त्याच्याकडे बघत राहिले. बहीण टॉवेल घेऊन उभी होती, अजून हात न धुतलेली. ती म्हणाली, "मी!"

घास गिळून मला बोलता आले असते. पण पाहुण्यासमोर सख्ख्या बहिणीला खोटे पाडायचे कसे? जेवणानंतरची प्रार्थना संपेपर्यंत माझे स्थळ तिचे झाले.

तेव्हापासून दर शुक्रवारी तो गमतीने तेच विचारतो, ती तेच उत्तर देते, सगळे हसतात. मी जळते. आजही जळते, लपवत नाही. यंदा मी इस्पितळात होते तेव्हा तिने दुसरीकडचा पाव मांडला. भाची सांगते, त्या शुक्रवारी त्याने विचारलेच नाही. म्हणजे मेल्याला सगळे ठाऊक होते की काय?

म्हणून अट अशी. मी गेल्यानंतरच्या पहिल्या शब्बाथला बहिणीने सर्वांआधी हात धुवावेत. त्याने विचारले, तर तिने गप्प राहावे, मी राहिले तशी. मग घर तिचे. "मी" म्हणाली, तर घर भाचीचे.

आणि मी इस्पितळात होते त्या शुक्रवारसारखे त्याने विचारलेच नाही, तर घर विनाअट बहिणीचे. माझे मला मिळाले, असे समजावे.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर २. समोरचा घड्याळवाला (दोघांनाही काही ठेवलेले नाही, तशी त्यांना कल्पना दिली आहे)

सही: थोरली
स्थळ: भट्टीमागची खोली
दिनांक: गुरुवार, उद्याचे पीठ भिजवण्यापूर्वी