ट्रकवरची गाठ

अहो,

नमस्कार. फोनवर तुम्ही 'हं'च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

मी ठणठणीत आहे. सहलीतली जुनी शहरं बघून झाली. एका बोळात समोरून गाढव आलं, तर आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहिलो. गाढव मात्र ऐटीत गेलं. तुमची आठवण झाली; राग मानू नका.

गुडघ्याला तेल लावता ना? की वहिनी डबा देतात म्हणून दिवसभर पेपर घेऊन लोळता?

डोंगरात असा वारा सुटला की सगळ्यांचे तंबू आडवे झाले, आमच्या ड्रायव्हरचासुद्धा. घरून आणलेला माझा तंबू मात्र जागचा हलला नाही. बघते तर काय, दोऱ्या नव्या कोऱ्या, आणि प्रत्येकीला तुम्ही ट्रकवर माल बांधताना मारायचात तीच गाठ! "या वयात तंबूत झोपणार? डोकं फिरलंय तुझं," म्हणालात आणि मी निघाले तेव्हा दारातसुद्धा आला नाहीत. मग हे उद्योग केलेत कधी?

आता वाळवंटात आहोत. इथली वाळू चहातसुद्धा असते, पण आभाळ बघून मन भरत नाही.

त्या वाऱ्याने खुंटीवरची एक गाठ इतकी आवळली आहे की सुटतच नाही. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, कापून टाकतो." मी त्याच्या हातातून सुरीच काढून घेतली. तेव्हापासून तंबू खुंटीसकट गुंडाळते.

रविवारी फोन करीन. गाठ कशी सोडायची ते नीट समजावून सांगा. नुसतं 'हं' म्हणून भागणार नाही.

तुमचीच,
डोकं फिरलेली