बियाला राखलेलं वांगं

बाबा, तुमच्यासमोर मी कधी एवढं सलग बोलले नाही, म्हणून पहिल्याच ओळीत हात अडखळतोय. मी आता उटनूरला असते. लहानपणी ज्या युवक मंडळात तुम्ही मला हौसेनं घातलंत, त्याच मंडळाच्या इथल्या शाखेत मुलांना शिकवते. रोपं लावणं, शिवण, सायकलचं पंक्चर काढणं, चार लोकांत उभं राहून बोलणं. नियम जुनाच आहे: ऐकून नाही, करून शिकायचं, आणि प्रदर्शनात आपल्या हातानं केलेलंच मांडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

लहानपणी एका वर्षी तलमडुगुच्या आपल्या मळ्यात मंडळासाठी लावलेला माझा वांग्यांचा वाफा पाण्यावाचून वाळला. "पाणी घाल वं पोरी, झाड काही तोंडानं मागत नाही," असं तुम्ही दोनदा म्हणालात. दोन्हीदा मी "हो" म्हणून मैत्रिणींकडे पळाले. तुमच्या वाफ्यांतही त्या वर्षी अळीनं धुमाकूळ घातला होता. आजीपासून चालत आलेल्या पांढऱ्या रेघांच्या वांग्याचं एकच फळ धड राहिलं. ते बियासाठी पिकून पिवळं होईपर्यंत कुणी हात लावू नये, म्हणून तुम्ही देठाला लाल चिंधी बांधलीत. प्रदर्शनाच्या सकाळी मी ती सोडली, विहिरीमागं फेकली आणि वांगं तोडलं. चिंधी कशासाठी आहे ते मला चांगलं ठाऊक होतं.

शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली आहेत. तपासायला आलेल्या बाई माझं वांगं हातात घेतात आणि पालकांत उभ्या असलेल्या तुम्हाला विचारतात, "हे मुलीनंच वाढवलं ना?" तुम्ही वांग्याकडे बघता, मग माझ्याकडे. चोराच्या मनात चांदणं. मी मान खाली घालते. "हो जी, तिनंच केलं," तुम्ही म्हणता. बाजारात किडकं वांगं गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच बाजूला काढणारे तुम्ही! बाई सुरी फिरवतात. आत अळी नाही, बी अजून पांढरं, कोवळं. पहिला नंबर मला मिळाला आणि सगळ्यात आधी टाळी तुम्ही वाजवलीत.

घरी आई संतापली. "काऊन तोडलं वं? चिंधी दिसली नाही तुले?" मी तोंड उघडायच्या आतच तुम्ही म्हणालात, "गाठ सुटली असन. लेकराले काय समजते?" मी मान हलवली. खरं बोलायची तेवढीच संधी होती, आणि मी तुमच्या चांगुलपणाआड लपले. त्या झाडाला पुन्हा फळ धरलं नाही. पुढच्या हंगामात तुम्ही दुकानातून बियांचं पाकीट आणलंत. ती वांगी काही वाईट नव्हती, पण भरीत केलं की तुम्ही एक घास खाऊन ताट बाजूला सारायचात. मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून मी तुमच्याशीच उद्धट वागायचे.

गेल्या आठवड्यात मुलांना बी कसं राखायचं ते दाखवत होते. एका मुलीनं विचारलं, "ताई, तुमच्या बाबाचं बी हाये का तुमच्यापाशी?" मी म्हणाले, "नाही. माझ्या प्रदर्शनासाठी बाबांनी शेवटचं वांगं स्वतः तोडून दिलं." दरवर्षी खरं सांगायचं ठरवून जाते आणि हेच सांगून येते. मुलं तुमच्यासाठी टाळ्या वाजवतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. तुम्ही असता तर हेही लिहिलं नसतं. आणि बाबा, त्या टाळ्या ऐकताना मला बरं वाटतं.